लाल म्हणजे व्हय

बसा, पाव्हणं. ती खुर्ची वढा हिकडं, सावलीला. सुनंनं च्या ठेवलाय, येतोय. आन आत्ता दारात पाय टाकल्या टाकल्या जे विचारलंसा मला, त्याचं उत्तर मी देतो, पर जरा लांबनं देतो. मी काय शिकलेला न्हाई. दुसरीत मास्तरनं कान पिळला, मी दप्तर तिथंच टाकलं आन कापडाच्या मागावर गेलो. त्यामुळं थोडक्यात बोलाय येत न्हाई मला. गोष्ट अकरा वर्सामागची, आन उणी-पुरी पंधरा दिसांची. ऐकताना मधनं बोलायचं न्हाई, एवढंच. मघापासनं माझ्या हातातल्या दोऱ्यांकडं बघालासा, त्याचंबी येतंय त्यात.

आन आवाज बारीक करू नका. ती ऐकालीय. ऐकू दे. तिचीच गोष्ट हाय.

दिवाळी होऊन आठ दिस झालतं. मिरजंच्या दवाखान्यात आमी चौघं: मी, माझा ल्योक म्हांतेश, सून वैजू, आन वैजूच्या मांडीवर ही, चैत्राली. चैतू. सात वर्साची. केळुसकर डाक्टरीणबाईनं तिला काट्यावर धरली, आकडा बघितला, पुन्हा उतरवून पुन्हा बसवली.

"आजोबा, बारा किलो."

"काटा बरोबर हाय न्हवं बाई?"

"काटा बरोबर आहे. गणपतीच्या आधी आली तेव्हा पंधरा होती."

चैतू वरडालीच होती. तीन आठवडं झालतं वरडाय लागून. घास तोंडाजवळ न्हेला की मान फिरवायची, दात आवळायची, आन मग असा टाहो फोडायची की शेजारची म्हातारी हातातलं काम टाकून यायची.

म्हांतेश म्हणला, "बाई, ते वरडणं आजाराचंच न्हवं का?"

"असेलही. पण सगळंच आजारावर ढकलू नका. या आजारात खाणं हळूहळू अवघड होत जातं. हिनं तीन आठवड्यांत एकदम तोंड मिटलंय. झटक्यांची तपासणी केली, पोटाची केली, रक्त पाहिलं. घसा पाहिला, जेवढा बघू दिला तेवढा. कुठंतरी काहीतरी दुखतंय तिला, एवढं नक्की."

"मग आता?"

"पंधरा दिवस बघू. वजन आणखी उतरलं तर पोटाला बारीक छेद देऊन नळी बसवायची. घाबरू नका, ती काही शिक्षा नाही. कित्येक मुली नळीनं बाळसं धरतात. पण नळीनं भूक भागेल. दुखणं तसंच राहील आत. मला कारण हवंय."

वैजूनं पोरीला मांडीवर सावरलं. ती म्हणली, "बाई, तिलाच विचारता आलं असतं तर..."

"मग विचारा की," डाक्टरीणबाई म्हणली. "पहिल्या दिवसापासून सांगतेय, तिला सगळं समजतं. या मुली डोळ्यांनी बोलतात. तुम्ही ऐकून घेता आणि घरी जाता."

खरं सांगू? मी ते चार येळा ऐकलं होतं. मला वाटायचं, ही बाई धीर द्यायला म्हणती. आमीबी म्हणतो की मागवाल्याला, 'तासाभरात चालू करतो माग'. तास कसला, दोन दिस जात्यात.

आता आजार काय ते सांगतो. आन त्यात माझी चूक काय तीबी सांगतो, न्हाईतर गोष्ट लंगडी पडंल.

मी जॉबर. इचलकरंजीत जॉबर कुणालाबी ठाऊक, तुमी भाईरचं म्हणून सांगतो. यंत्रमाग बिघडला की पाना घिऊन जो पळतो तो जॉबर. चाळीस वर्सं केलं. घराला लागून हे पत्र्याचं शेड दिसतंय न्हवं, त्यात आमचं आठ माग. सहा चालायचं, दोन रुसून बसायचं. आन ह्या पडवीत वैजू कांड्या भरायची. कांडी म्हणजे धोट्यात बसती ती, सुताची; आन धोटा म्हणजे मागावर ह्या टोकाचा दोरा त्या टोकाला घिऊन पळतो तो.

चैतू जन्माला आली तवा चांगली टुणटुणीत. वर्साची झाली, धरून उभारायची. 'आजा' म्हणायची, 'मम' म्हणायची, 'कांडी' म्हणायची. दीड वर्साची झाली आन एक दिवस बघतो तर दोन्ही हात छातीपाशी घिऊन, बोटात बोटं घालून पिळालीय. सारखं. थांबनाच.

तुमी मागावर सुताची तार तुटल्यावर बाई काय करती बघितलाय? दोन टोकं चिमटीत धरती, बोटावर बोट फिरवती, झाली गाठ. पापणी लवायच्या आत. चैतूचं हात बघितलं आन माझी छाती अशी फुगली. गल्ली गोळा केली मी. म्हणलं, "बघा रं! गाठी मारालीय! हाडाची कोष्टीण हाय, पोटातनं शिकून आलीया!"

लोकं हसली, कौतुक केलं. मी तिच्या हातात दोरा दिला. दोरा खाली पडला. पुन्हा दिला, पुन्हा पडला.

वैजू म्हणली, "मामा, हिच्या हातात काय टिकंना झालंय. भाकरीचा तुकडा बी पडतोय. आन चार दिस झालं, कांडी म्हणली न्हाई."

"अगं कामाला लागलीय ती! मागावरची माणसं बोलत्यात व्हय?"

पुन्हा सगळी हसली. वैजू हसली न्हाई.

सव्वा वर्स, पाव्हणं. सव्वा वर्स वैजू दवाखाना, दवाखाना म्हणत होती आन मी म्हणायचो, गाठी मारतीय, मारू दे. तोवर एकेक शब्द गेला. उभं ऱ्हाणं गेलं. शेवटाला 'आजा' गेलं.

मग मिरज. रक्त लांब कुठंतरी पाठवलं, महिन्यानं कागद आला. केळुसकरबाईनं बसवून सांगितलं, रेट सिंड्रोम. पोरींनाच होतोय बहुतकरून. दीड वर्सापतुर चांगली दिसती आन मग हातातलं, तोंडातलं जातंय. हात चोळणं हीच त्याची खूण. मधी श्वास धरून ठेवती, दात खाती, झटकं येत्यात, पाठ वाकडी होती. आमच्या गल्लीनं तवर वैजूला लई बोलून घेतलं होतं, गरवारपणी सूर्याचं गिराण पाळलं न्हाई म्हणून. बाई म्हणली, गिराण न्हाई आन काय न्हाई. बीज पडताना आपोआप झालेली बारकी चूक ती, आईची न्हाई, बापाची न्हाई. मुळापासनं बरं करायचं औषध न्हाई. पर झटकं थांबवता येत्यात, पाठ सांभाळता येती, व्यायाम द्यायचा, उभी करायची, आन शिकवायचं.

मी तिला एकटं गाठून विचारलं, "बाई, सव्वा वर्स आधी आणली असती तर?"

"आजार तोच राहिला असता, आजोबा. हातांची, पायांची थोडी ताकद जास्त राहिली असती कदाचित."

कदाचित म्हणली ती. तो शब्द मी खिशात घालून हिंडतोय.

तर, पंधरा दिस. आलो घरी. पहिलं तीन दिस आमी सगळ्यांनी तेच केलं जे आदूगर करत होतो. वैजू म्हणायची, "चैतू, पोट दुखतंय का? पोट? का डोकं? बघ हिकडं. चैतू, ए चैतू, पाणी पाहिजे का? दूध?" म्हांतेश तेच. मीबी तेच. पोरगी वरडायची, दात करकर खायाची, आन आमच्या तोंडापल्याड कुठंतरी बघायची.

चौथ्या दिवशी सकाळी वैजू बसल्या जागी पेंगालीती. मी म्हणलं, दे हिकडं पोरीला. कानाला माझा मफलर घट्ट गुंडाळला आन शेडात घिऊन गेलो. मागाच्या खडखडाटात चैतू जरा निवायची. त्यात ठेका असतोय न्हवं. दाराजवळ तिची पट्ट्याची खुर्ची ठेवली, बांधली आन कामाला लागलो.

शेडात एकदा माग सुरू झालं की बापाला बापाचं ऐकू येत न्हाई. तिथं कोण तोंडानं बोलतच न्हाई. भुवई उडवली म्हणजे तार तुटली. ओठ ज्या अंगाला वळवला तो माग. डोळं किटलीकडं न्हेलं म्हणजे च्या सांगा. तीस-तीस वर्सं माणसं अशीच भांडत्यात, हसत्यात, एकामेकाच्या बायकोची खबर घेत्यात. तिसऱ्या-चौथ्या मागावर हुसेन होता, हुसेन मुल्ला, माझ्याच वयाचा. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग खिळ्याला अडकवलेल्या किटलीकडं. मी मान हलवली, आत्ता न्हाई. आन पाचव्या मागाकडं गेलो. तिथलं नटबोल्ट आवळून परत येतो तर चैतू किटलीकडं बघालीती.

म्हणलं, असंल. नदर जाती कुठंबी.

हुसेननं बी बघितलं होतं. त्यानं मला हातानं थांबवलं. मग चैतूच्या अगदी म्होरं उभं ऱ्हाऊन भुवई उडवली, ओठ सहाव्या मागाकडं. म्हणजे तार तुटली, सहावा. आन गप उभारला. मी चैतूकडं बघितलं. काय न्हाई. हात चोळणं चालूच. श्वास धरला तिनं, सोडला. काय न्हाई. मी वळायला लागलो. हुसेननं माझा दंड धरला. धरूनच ठेवला. आन मग, पाव्हणं, तिची मान हलली. हळू. डोळं निघालं हुसेनच्या तोंडावरनं, पाचव्या मागावरनं गेलं, सहाव्यावर जाऊन थांबलं. तिथं थांबून पुन्हा हुसेनवर आलं. जणू विचारालीय, झालं तुझं समाधान?

तेवढ्यात लाईट गेली. माग जिथल्या तिथं थांबलं, शेड गप झालं. हुसेन म्हणला, "मल्लूदा, पोरगी शेडची भाषा बोलालीय. बहिरं तर तुमी हाय."

"लई उशिरा बघती रं."

"उशिरा तर उशिरा. तुमच्या पाचव्या मागाचा धोटा सकाळी मारला तर सांजच्याला पोचतोय. त्याला कवा येडा म्हणलासा व्हय?"

मी तिथंच एका पेटीवर बसलो. आमी घरात काय करतो ते माझ्या डोळ्याम्होरं आलं. आमी विचारतो आन उत्तर निघायच्या आत दुसरं विचारतो. धोटा अर्ध्यात असताना पुन्हा मारायचा, मग तारा तुटत्यात म्हणून बोंबलायचं. शेडात कोण तिच्यावर बोललं न्हाई म्हणून तिला सवड मिळाली.

त्या दुपारी मी पहिलं काम केलं ते तिच्या हाताचं. दवाखान्यानं कोपराला घालायची पट्टी दिली होती, ती मोडली होती. सुताच्या कोनाची पुठ्ठ्याची नळी असती बघा आमच्याकडं, ती उभी चिरली, आतनं कापूस लावला, वरनं मांजरपाट शिवलं, आन डाव्या कोपरात चढवली. कोपर वाकंना, की हात हाताला भेटंना. हात भेटंना, की पोरीचं ध्यान वर येतंय. दिसभर न्हाई घालायची, अर्धा तास, बाईनं सांगितलं होतं तेवढंच.

मग माझ्या उजव्या मनगटाला लाल दोरा बांधला, डाव्याला पांढरा. दोन्ही हात तिच्या डोळ्याम्होरं धरलं. म्हणलं, "चैतू, लाल म्हणजे व्हय. पांढरं म्हणजे न्हाई. मी तुझा आजा हाय का?"

आन थांबलो. मनात आकडं म्हणालो. दहा झालं, बारा झालं. सोळाव्याला डोळं लालवर आलं.

"मी तुझी आई हाय का?"

ह्याला जरा जास्त येळ लागला. पर डोळं पांढऱ्यावर गेलं, आन तोंडाच्या कडंला बारकं काय तरी हललं. थट्टा कळली होती तिला.

सांच्याला म्हांतेश रिक्षा लावून आत आला. मी त्याला सांगितलं. त्यानं टोपी काढून खुंटीला लावली, माझ्याकडं बघितलं आन म्हणला, "आप्पा, पाच वर्सामागं तुमीच म्हणलासा, गाठी मारतीय. आता म्हणताय, बोलतीय. तुमाला जे पाहिजे असतंय ते दिसतंय तुमाला. पोरगीला नळी बसवू, चार घास पोटात जाऊ द्या, तिला त्रास देऊ नका."

"आवं..." वैजू मधी पडाय लागली.

मी म्हणलं, "थांब वैजू. खरं बोलाला तो." आन खरंच बोलला होता. माझ्या काळजात घुसलं ते, पर घुसलं म्हणून खोटं होत न्हाई. मी मनगटाचं दोरं सोडलं, म्हांतेशच्या मनगटाला बांधलं. "मी भाईर जातो. वैजूबी येती माझ्यासंगट. तू एकटाच विचार. आमाला दोघांनाबी ठाऊक नसलेलं विचार. आन एक कर, थांब. वीस म्हण मनात."

आमी कट्ट्यावर बसलो. आतनं पोरीचं रडणं यायचं, थांबायचं. वैजू पदराचं टोक पिळालीती. अर्धा तास झाला असंल. म्हांतेश भाईर आला. दोरं तसंच मनगटाला.

"काय झालं?"

"सहा गोष्टी विचारल्या."

"आन?"

"परवा ती थांबंना म्हणून रिक्षात बांधून फिरवून आणली होती. कुठं न्हेली हे मी कुणाला सांगितलं न्हवतं. देवळात गेलतो का, म्हणलं. पांढरं. माळावर गेलतो का. पांढरं. नदीला गेलतो का..." त्यानं लाल दोऱ्याचं मनगट आमाला दावलं. दोन्ही हात तसंच म्होरं धरून उभारला होता.

"सहातली किती बरोबर?"

"पाच."

"सहावी?"

"सहावी विचारली, बाबा लाडका का. लाल न्हाई, पांढरं न्हाई. दाराकडं बघितली. आई कुठाय म्हणून."

वैजू रडता रडता हसली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

आता मेन काम. कुठं दुखतंय. म्हांतेशला घाई, "विचारा पोट, पोटच असणार." मी म्हणलं, न्हाई. माग बिघडला तर जिथनं आवाज येतोय तिथं तेल घालणारा जॉबर कच्चा असतोय. आवाज एका जागंला, मोड दुसऱ्या जागंला. एका टोकापासनं धरायचं, दुसऱ्या टोकापतुर जायचं, मधलं काय सोडायचं न्हाई. पायाच्या अंगठ्यापासनं सुरू करू.

"आप्पा, पंधरातलं पाच दिस गेलं."

"म्हणूनच. उडत उडत विचारलं तर पन्नास दिस जातील."

वैजूनं नियम घातला, येळंला चारच सवाल, दिसातनं तीन येळा. त्याहून जास्त झालं की दमती. हात लावून दावायचं, मग विचारायचं, मग थांबायचं. अंगठा. पांढरं. घोटा. पांढरं. गुडघा. पांढरं. एखाद दिशी झटका यायचा, मग दिसभर झोपूनच असायची, तो दिस गेला. एखाद दिशी वरडणं एवढं की डोळं टिकायचंच न्हाईत कुठं. वैजू दुधाचं दोन चमचं, पेजंचं दोन चमचं घशाखाली उतरवायची, तासतासभर. तिकडं वजन गळालंतं ते गळालंतंच. मला त्या पोरीच्या बरगड्या दिसायच्या आन मी आकडं म्हणत बसायचो, सतरा, अठरा.

दहाव्या दिवशी पोट आलं. म्हांतेश म्होरं सरकून बसला. मी पोटावर हात ठेवला, "हितं दुखतंय?" थांबलो. पांढरं.

"पुन्हा विचारा आप्पा."

"पोट तिचं हाय का तुझं?"

पुन्हा मागं सरकला.

छाती पांढरं. पाठ पांढरं. खांदा, मान, पांढरं. बाराव्या दिवशी कान. कानावर बोट ठेवलं. थांबलो. लालवर गेली, तिथनं पांढऱ्यावर, पुन्हा लालवर. पुन्हा पांढऱ्यावर. म्हांतेशनं कपाळाला हात लावला. "बघा. झालं. अंदाजानंच बघती."

वैजू म्हणली, "न्हाई हो. मामा, तिला म्हणायचंय, कान न्हवं, पर जवळ."

"चैतू, कानाजवळ?"

चौदा. पंधरा. लाल.

आमी तिघंबी तिच्या तोंडाकडं बघाय लागलो. आन तिथनं आवाज आला, करकर, करकर. चैतू दात खायाली. पाच वर्सं रोज ऐकत होतो तो आवाज. आजारातलाच म्हणून सोडून दिलेला. आमच्या अख्ख्या यादीत, अंगठ्यापासनं डोस्क्यापतुर, दाताचं नावच न्हवतं.

वैजूनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. शेडातल्यासारखं. मग तिनंच आपलं बोट पोरीच्या गालावर ठेवलं, उजव्या, मागं.

"बाळा, दाढ?"

मी हात धरलं होतं. मला आकडं म्हणायची शुद्ध न्हवती. डोळं लालवर आलं. लालवरनं आईकडं गेलं. आईकडनं पुन्हा लालवर. पुन्हा आईकडं, पुन्हा लालवर. खिळा ठोकल्यासारखं, पाव्हणं. एकेक ठोका.

दुसऱ्या दिवशी मिरज. तोंड उघडंना म्हणून भूल देऊन बघायचं ठरलं, दाताचा डाक्टर बोलावला. तासाभरानं केळुसकरबाई भाईर आली. ताटलीत दाढ. खाऊन खाऊन मधोमध चिरली होती आन खाली पू साठला होता.

"आजोबा, दाढेचं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तिनं."

बाई ताटली तशीच हातात धरून हसली. मग म्हणली, "मीही चुकले. दात खाणं आजारातलंच म्हणून मीही पुढं गेले." अशी कबुली देणारा डाक्टर मी पुन्हा बघितला न्हाई.

चार दिसांनी दहीभात खाल्ला. आठ घास. वैजूनं मोजलं. महिन्याभरात दीड किलो चढलं. नळी तवा लागली न्हाई. म्होरं लागली बरं का, पंधराव्या वर्सी, गिळाय त्रास व्हायला लागला तवा बसवली. तिलाच विचारून बसवली. आन तवापासनं बघा गाल कसं आल्यात. तेबी चांगलंच झालं.

पर गोष्ट तिथं संपत न्हाई. मला एक विचारायचं ऱ्हायलं होतं.

दाढ काढून आठवडा झाला होता. शेड बंद होतं, कट्ट्यावर ऊन पडलंतं, आमी दोघंच. आता तुमी बसलाय न्हवं, तिथंच तिची खुर्ची होती. मी मनगटं तिच्या म्होरं धरली. 

म्हणलं, "चैतू, तू बारकी होतीस तवा हात चोळाय लागलीस. तुझी आई म्हणत होती दवाखान्यात न्हेऊ. मी न्हेऊ दिलं न्हाई. मी म्हणलं, गाठी मारतीय. लोकं बोलावून हसलो. तुला ठाऊक हाय का?"

लाल.

"माझ्यावर राग हाय तुझा?"

थांबलो. वीस झालं. पंचवीस. मला वाटलं, नको विचारायला होतं, हात खाली घ्यावं. तीसच्या पुढं कुठंतरी डोळं हललं. आलं आन लालवर बसलं. लालवरच ऱ्हायलं.

तिची आई सोडून, 'तुझं चुकलं' असं इतक्या वर्सांत कुणी मला सरळ म्हणलं न्हवतं. डाक्टरीण म्हणली न्हाई, म्हांतेश बोलला तेबी एकदाच, आडनं. जिचं नुकसान झालं होतं तिनं म्हणलं. आन तुमाला खोटं वाटंल, पर माझ्यावर कोण रागावल्याचा एवढा आनंद मला जन्मात झाला न्हाई. मी म्हणलं, बरोबर हाय बाई तुझं. राग धर. हवा तितका धर. पर सांगत ऱ्हा.

मग ती मला बघत बसली. लई येळ. कोपराची पट्टी काढली होती, हात पुन्हा चोळाय लागलं होतं. चोळू दे म्हणलं. ते काय गाठी न्हवत्या, आन तिचा दोषबी न्हवता.

झालं. च्या आला बघा. वैजू, ठेव हितं, गार होऊ दे जरा, पाव्हण्यांस्नी काम हाय.

मघाशी आत आलासा तवा तिच्या डोस्क्यावरनं माझ्याकडं बघितलं आन विचारलंसा, 'हिला काय कळतं का हो?' वाईट वाटून घेऊ नका. तुमी मिनिटभर केलं, मी सव्वा वर्स केलं. हात म्होरं करा. करा की. हे घ्या, उजव्याला लाल बांधतो, डाव्याला पांढरं. घट्ट न्हाई न्हवं झालं?

आता खुर्ची तिच्या म्होरं घ्या. जरा खाली वाका, डोळ्याला डोळा द्या. तोच सवाल विचारा, पर तिला विचारा. एकदाच.

आन मग, पाव्हणं, थांबा.